ओढ्याकाठची आडवी फांदी

थोरल्या आबांचा निरोप आमच्याकडे उसाच्या बैलगाडीवरून आला. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे सख्खे थोरले भाऊ. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो, आणि अण्णा आबांना दादा म्हणायचे. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं असतील. मी सातवीत होते आणि धाकटी बहीण नुकती पहिलीत गेली होती. अण्णा साखर कारखान्यात होते, त्यामुळे आमचं बिऱ्हाड भवानीनगरला चाळीत. गाडीवान आमच्या गावाकडचाच. कारखान्याबाहेर गाड्यांची रांग लागलेली, तर बैल सोडून तो आमच्या पायरीवर येऊन टेकला, चहा प्याला, बशी खाली ठेवली आणि मग म्हणाला, "दादांनी सांगितलंय, वड्याला वाडा बसलाय. उद्याचा दिस हाय. परवा सकाळी नदी उतरणार. पोरींना घिऊन जेवायला या म्हणले."

आई चुलीपाशीच होती. तिनं अण्णांकडे बघितलं आणि अण्णांनी बशीकडे.

वाडा म्हणजे आमच्यात मेंढरांचा तळ. आमच्या आज्यापासून घरात मेंढरं. अण्णा आणि आबा दोघंही लहानपणी मेंढरांमागं चालले. पुढे अण्णा दहावी झाले आणि कारखान्यात चिकटले, आबांनी मेंढरं धरली ती धरलीच. दिवाळी झाली की आबा गावचं कोरडं रान सोडून खाली कालव्याच्या भागात उतरायचे. इकडचे बागायतदार खतासाठी आपल्या वावरात मेंढरं बसवून घेतात, आज याच्या रानात तर उद्या त्याच्या. असं करत करत नीरा नदी ओलांडायची आणि पलीकडं फलटणच्या अंगाला जायचं. एकदा नदी ओलांडली की आबांची गाठ थेट पावसाळ्यात.

पण गाठ पडायचा प्रश्नच दोन वर्षं आला नव्हता. दोघा भावांचं बोलणं बंद होतं. आबांच्या मुलीचं लग्न गळिताच्या ऐन सीझनमध्ये निघालं आणि अण्णा गेले नाहीत. रजा मिळाली नसती असंही नाही. मागितली असती तर मिळाली असती! पण अण्णांच्या पाळीतला एक जण आजारी होता, त्यात 'सीझनमध्ये रजा मागायची आपली सवय नाही' हा त्यांचा तोरा. आईला आणि आम्हाला एस.टी.त बसवून दिलं आणि स्वतः कामावर गेले. तिकडे आबा अक्षता पडेपर्यंत एकेका पोराला फाट्यावर पिटाळत होते, माझा भाऊ उतरला का बघ म्हणून. आम्ही निघताना ते आईला म्हणाले, "त्याला सांग, कारखाना नीट संबाळ. भाऊ न्हाय तुला."

आणि आता त्याच माणसानं आपणहून जेवायला बोलावलं होतं. आमच्या आबांसारख्या रुसक्या माणसानं! गाडीवान गेल्यावर आई अण्णांना म्हणाली, "हे बघा, उद्या आभाळ कोसळलं तरी जायचं. ह्या वक्ताला तुमी गेला न्हाई, तर ते परत बोलवायचे न्हाईत." अण्णा नुसतं "हूं" म्हणाले. मग डबा घेऊन रातपाळीला गेले. पण जाताना शिट्टी वाजवत होते, हे मी ऐकलं.

सकाळी पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि अण्णा थेट सायकलला तेलपाणी करायलाच बसले. आई म्हणाली, घटकाभर पडा. छे! ते आधी गरम पाण्यानं आंघोळ करून आले, लग्नातला पांढरा सदरा घातला, डोक्याला तेल लावलं. ओढ्याच्या बाजूला एस.टी. जात नव्हती, तेव्हा सायकलीशिवाय इलाज नव्हता. अण्णांची काळी मोठी सायकल, तिच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून धाकटीला बसवलं, मागं कॅरिअरवर आई. मला शेजारच्यांची लेडीज सायकल मागून आणली. माझ्या कॅरिअरला पिशवी बांधली, तिच्यात कारखान्याची साखर आणि मोठ्या आईसाठी, म्हणजे आबांच्या बायकोसाठी, लुगडं. आबांसाठी नवा पटका अण्णांनी स्वतःच्या खांद्यावरच्या शबनम पिशवीत ठेवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

आई मागं बसताना नेहमी एकच गोंधळ. सायकल सुरू झाल्यावर पळत येऊन उडी मारून बसायचं, हे तिला कधी जमलं नाही. मग अण्णांनी एका पायावर सायकल तोलून धरायची, आईनं बसून घ्यायचं, पदर खोचायचा, आणि मग म्हणायचं, "थांबा, माझी चप्पल पडली." चाळीतल्या बाया बघत होत्या. एक जण म्हणाली, "काय ओ, वरात कुठं निघाली?" अण्णा म्हणाले, "माझ्या भावाकडं." एवढं खणखणीत म्हणाले की आई लाजली.

आमच्या ओढ्याला नाव नव्हतं, ओढाच म्हणायचे. उसाच्या फडांमधून वाकडातिकडा जात तो नीरेला मिळायचा. काठानं गाडीवाट होती. त्या दिवशी थंडी अशी होती की हँडल धरलेली बोटं माझी मला कळत नव्हती. पाण्यावर धुकं होतं, आणि आम्ही जवळ गेलो की एखादा बगळा काहीही घाई न करता उठायचा आणि जरा पुढं जाऊन बसायचा. पुन्हा आम्ही, पुन्हा तो. धाकटी दांडीवरून त्याला ओरडून सांगायची, "अरे बाबा, तू जा ना एकदाचा!" अण्णा हसून हसून सायकल वाकडी करायचे आणि आई मागनं ओरडायची, "अहो, पाण्यात घालाल मला!"

वाटेत हरभऱ्याचं रान लागलं. रानातला म्हातारा ओळखीचा निघाला, त्यानं डहाळ्याचा भारा हातात दिला. आम्ही काठावर बसून सोलून खाल्ला. हिवाळ्याचा हरभरा, पानांवरच्या आंबट आंबीनं ओठ चुरचुरतात. अण्णांनी ओढ्यात हातपाय धुतले, आम्हाला सपाट दगड शोधून दिले आणि पाण्यावर दगडाच्या टप्प्याटप्प्यानं उड्या कशा मारायच्या ते दाखवलं. ते दगड मारण्यात आमच्यापेक्षा जास्त रमले. रातपाळी करून आलेला माणूस, डोळे लाल झालेले, पण थांबेना. मग पुढच्या उताराला त्यांनी पाय मोकळे सोडले आणि जोरात हाळी दिली, मेंढरांना देतात तशी, तोंडाला हात न लावता, गळ्यातनं. मी त्यांचा तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. खोटं कशाला बोलू, माझ्या लहानपणातला इतका सुंदर दिवस दुसरा नाही. चौघं मिळून आम्ही एवढं कधीच हसलो नव्हतो. त्यामुळेच तर तो दिवस आठवायला नको वाटतो. आम्ही तिथं दगड मारत बसलो नसतो, हरभरा खात बसलो नसतो, तर... जाऊ दे. आता तरी काय!

उन्हं डोक्यावर यायच्या सुमाराला वाट फुटली. एक वाट ओढ्याच्या याच काठानं बाभळींच्या खालून पुढं गेलेली. दुसरी ओढ्यात उतरून उथळ पाण्यातनं पलीकडं चढलेली, मुरमाच्या माळावर. आणि याच काठाच्या वाटेवर बाभळीची एक भलीमोठी फांदी आडवी टाकलेली.

अण्णांनी सायकल थांबवली. फांदी बघून त्यांचा चेहरा उजळला. आमच्याकडे वळून म्हणाले, "बघितलं का? दादानं वाट बांधलीया."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. वाडा हलतो तेव्हा मेंढरं आणि पुरुषमाणसं पहाटेच पुढं निघतात. घोड्यावर बिऱ्हाड लादून, कोकरं, कोंबड्या, लेकरं घेऊन बाया मागनं येतात. वाट फुटली तर मागच्यांना कळावं कसं? म्हणून पुढचा माणूस, ज्या वाटेनं जायचं नाही त्या वाटेवर काटेरी फांदी आडवी टाकतो. आणि फांदीचा तोडलेला बुडखा असतो तो खऱ्या वाटेकडं करतो. "हे बघ," अण्णांनी मला हाताला धरून दाखवलं, "बुडखा कुणीकडं हाय? वड्याकडं. म्हंजे दादा पल्याड गेलाय. माझ्यासाठी खूण केलीया त्यानं. दोन वर्सं बोलला न्हाई, पर खूण करून ठिवली."

आईनं फांदीकडं बघितलं आणि म्हणाली, "अहो, एखाद्या ऊसवाल्यानं टाकली आसंल. त्या तितल्या वस्तीवर जरा इचारू या का?"

वस्ती दिसत होती, हाकेच्या अंतरावर. धूर निघत होता.

"इचारायचं?" अण्णा म्हणाले. "मी? माझ्या भावाचा वाडा कुठं हाय ते मी लोकास्नी इचारू?"

"लोकास्नी इचारलं तर काय अंगाला भोकं पडतात का?"

"तू शेतकऱ्याच्या घरची," अण्णा म्हणाले, "तुला न्हाई कळायचं ह्यातलं." आईचं माहेरही आमच्यातलंच, पण तिच्या बापानं कधीच मेंढरं विकून शेती धरली होती. याचा टोमणा तिला बारा महिने ऐकावा लागे. तिनं लुगडं वर खोचलं. मला तर त्या वेळी अण्णांचा अभिमानच वाटला. आपल्या बापाला रानातल्या खुणा वाचता येतात, ही काय साधी गोष्ट होती का?

आम्ही सायकली हातात धरून पाण्यातनं पलीकडं गेलो. पाणी बर्फासारखं. धाकटी अण्णांच्या खांद्यावर. माळावर चढून आम्ही ओढ्याच्या दुसऱ्या काठानं चालू लागलो. तिथं झाड नाही, झुडूप नाही, सगळं उघडं, आणि ऊन डोळ्यावर. खाली ओढा, ओढ्यापलीकडं बाभळींची दाट रांग, त्यांच्या सावलीतलं काही म्हणता काही दिसत नव्हतं. मध्येच पलीकडनं कुत्रं भुंकलं. चांगलं दोन-चारदा भुंकलं. मी म्हटलं, "अण्णा, आबांचं कुत्रं असंल."

"वस्तीवरचं हाय ते. मेंढरामागचं कुत्रं आसं भुंकत न्हाई."

संपलं. त्याच्यापुढं बोलायची सोय नाही.

पुढं वाट ओढ्यापासून लांब लांब गेली आणि एका फडात शिरली. फड संपला तर पुढं भरून वाहणारा पाट आडवा. पूल नाही, फरशी नाही. पाटाच्या कडेनं आम्ही वर गेलो, परत खाली आलो. एके ठिकाणी लेंड्या दिसल्या तेव्हा अण्णा खाली बसले, बोटानं चुरगाळून बघितल्या, आणि हात झटकून उठले. जुन्या होत्या. धाकटीला भूक लागली होती. जेवायलाच निघालो म्हणून आईनं भाकरीसुद्धा बांधून घेतली नव्हती. मग पिशवी सोडून तिच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली, आबांच्या घरी द्यायची. आई एकदा म्हणाली, "मागं फिरू या का त्या फांदीपाशी?" अण्णा म्हणाले, "फिरू." पण फिरलो आणि दहा पावलं गेलो नसू, तर अण्णांच्या पुढच्या चाकात बाभळीचा काटा गेला. फुस्स! टायर बसलं. काटा उपसला तर तो बोटभर लांब.

जवळ पंप नाही, पंक्चरचं सामान नाही. उन्हं कलायला लागलेली, हिवाळ्याचा दिवस तो केवढा! रात्री बाराला परत पाळी. माळावर भेटलेल्या एका गुराख्यानं न विचारता सांगितलं की डांबरी सडक त्या अंगाला आहे. सडकेला गेलो तर निदान एखादी बैलगाडी मिळेल म्हणून आम्ही तसे गेलो. ओढा मागं राहिला. अण्णा पुढं सायकल ढकलत होते, आई त्यांच्या मागं, धाकटी माझ्या कॅरिअरवर पिशवीला मिठी मारून झोपलेली. घरी पोचलो तेव्हा दिवे लागून गेले होते. अण्णांनी पटका पेटीत ठेवला आणि दोन घास खाऊन कामावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुटल्यावर घरी न येताच ते पंक्चर काढून एकटे ओढ्याकडं गेले. त्या फांदीपाशी गेले आणि या खेपेला फांदी ओलांडून सरळ गेले. वाडा तिथंच होता. म्हणजे काल होता. बाभळी संपल्या की लगेच, याच काठाला. आता तिथं चुलीचे दगड होते आणि मेंढरं बसलेली काळी जमीन. शेताचा मालक पाणी धरत होता, तो म्हणाला, "पहाटंच गेले की. नदीपल्याड गेले आसतील आतापतुर." अण्णांनी त्याला फांदीबद्दल विचारलं. हो, तेव्हा विचारलं! तो म्हणाला, "मीच टाकली. रातीचं भरणं दिलं हुतं, वाटंवर चिखल झाला. उसाच्या गाड्या रुतत्यात आन् माझा पाण्याचा दंड फोडत्यात. म्हून काल सकाळीच तोडून आडवी घातली. काय लागलं का काय तुमाला?"

अण्णा नदीपर्यंत गेले. पलीकडं काही दिसलं नाही. पाणी गुडघ्याएवढं होतं, सायकल काठावर टाकून गेले असते तर गाठलं असतं त्यांनी, मेंढरं काय पळत नाहीत. पण दोन रात्रींचं जागरण, रात्री पुन्हा पाळी, आणि पाळी चुकवायची सवय नाही! ते परत आले. आईला म्हणाले, "पावसाळ्यात येतोयच की तो. तवा बोलू." हेच, हेच आमच्या घरात चुकतं. सगळं तवा, सगळं मग.

पावसाळ्यात आबा गावाला आले. अण्णांनी रविवार धरला, मला आणि आईला घेऊन गेले. पटकाही घेतला. आबा ओट्यावर घोंगडी टाकून बसले होते. आम्हाला बघून ते उठले, घोंगडीचा एक कोपरा झटकला आणि धाकट्या भावाला म्हणाले, "या. बसा. तब्येतपाणी बरं हाय न्हवं तुमचं?"

जन्मभर ज्याला 'ए गड्या' म्हणून हाक मारली, त्याला 'या, बसा'. तलाठी आल्यावर म्हणतात तसं. अण्णांचा चेहरा मला आजही दिसतो. त्यापेक्षा आबांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी घरच्याला देतात.

अण्णा बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "दादा, त्या दिशी आमी निघालो हुतो. वाट चुकली."

"तुमी?" आबा हसले. "वाट चुकलासा? अमुशाच्या रातीला चुकलेलं मेंढरू हुडकून आणायचा तुमी. वड्याच्या कडंला अडीचशे मेंढरांचा वाडा तुमाला घावला न्हाई? काय तरी पटंल आसं सांगा."

फांदीचं अण्णांनी सांगितलं. बुडखा कुणीकडं होता तेही सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्या आईला हाक मारली, "पावन्यांस्नी च्या टाक." खरी गोष्ट होती, आणि सांगताना इतकी खोटी वाटत होती की मलाच वाटलं, अण्णांनी गप्प बसावं. पटका आबांनी घेतला, कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला. त्यांच्या डोक्याला तो कधी कुणी पाहिला नाही.

त्यानंतर येणं-जाणं राहिलं, लग्नाकार्याला, तेही 'या बसा' करण्यापुरतं. पाचेक हिवाळे गेले. मग एका सीझनमध्ये नदीपलीकडच्या वाड्यावर आबा तापानं गेले. निरोप आला तेव्हा अण्णा पाळीत होते. या वेळी ते कुणाला न विचारता, न सांगता, अंगावरच्या कपड्यानिशी निघाले. पण आबा कुठं थांबणार होते!

मी तेव्हा बारामतीला कॉलेजात होते. दहाव्याला गेले. बाहेर मंडपात पुरुषमाणसं, त्यांच्यात अण्णा, डोकं भादरलेलं. आत मोठी आई, माझी आई आणि मी. मोठ्या आईनं माझा हात हातात घेतला आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता एकदम म्हणाली, "त्या वर्साला तुमी सायकलीवरनं वाड्याकडं आलता. तुझ्या आईनं हिरवं लुगडं नेसलं हुतं."

आई दचकली. "तुमाला कुणी सांगितलं, आक्का?"

"सांगतंय कोण? बघितलं की आमी. बाभळीखाली बसलो हुतो, वाट बघत. तुमी पल्याडच्या माळावर. हे उठून उभं ऱ्हायले. आनंदलेलं बघ नुसतं, पोरावाणी. कुत्रं भुकाया लागलं तर त्याला गप केलं. मी म्हणलं, आवं, हाळी द्या, पल्याड चाललीत ती. तर म्हणले, गप बस. माझा भाऊ हाय त्यो. त्याला मी वाट दावू व्हय? पोरींच्या म्होरं त्याला कमीपणा वाटंल. वळसा घालून यील बघ बरूबर."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय! तुमी वर वर गेलासा, फडात शिरलासा. हे तसंच उभं. बकरं पाडलं हुतं, घरचं. हे घरचं जनावर कवा पाडत न्हाईत, त्या दिशी पाडलं. दिस मावळला तरी जेवले न्हाईत. मग म्हणले, हितपतुर आला, वाडा बघितला, आन् मागं फिरला. एवढाच राग ऱ्हायलाय म्हणायचा माझ्यावर."

आई तोंडाला पदर लावून रडत होती. मला रडू येत नव्हतं, मला संताप येत होता. दोन थोराड पुरुष, मध्ये एक दीड वाव रुंदीचा ओढा. एकानं वाट विचारायची नाही, दुसऱ्यानं हाक मारायची नाही! लोक म्हणतात, तेव्हा फोन नव्हते म्हणून असं व्हायचं. काय फोन घेऊन बसलात? गळ्यात आवाज होता की! त्या रानात तो अर्धा कोस ऐकू गेला असता.

मोठी आई म्हणाली, "त्याला नका सांगू. आता सांगून काय व्हायचंय." आईनं मान हलवली. मीही हलवली.

पण माझं तोंड! परत येताना एस.टी.त अण्णा खिडकीशी, मी मध्ये, आई पलीकडं. अण्णा आपले बाहेर बघत बसलेले. मला ते सहन होईना. म्हटलं, ह्यांना माहीत असायला पाहिजे, त्यांच्या भावाला राग आला नव्हता, आनंद झाला होता. आईनं मला चिमटा घेतला तरी मी सगळं सांगितलं. बकरं सांगितलं, कुत्र्याला गप्प केलं ते सांगितलं, 'पोरींच्या म्होरं कमीपणा वाटंल' तेही. शेवटी म्हटलं, "एक हाळी दिली असती त्यांनी तर काय बिघडलं असतं?"

कंडक्टर तिकिटं फाडून पुढं गेला. मग अण्णा हळूच म्हणाले, "न्हाई. त्यानं हाळी दिली आसती तर मला रागच आला आसता. तितनंच मागं फिरलो आसतो मी. बरूबर वळखलं हुतं त्यानं मला."

आणि माझा बाप, सगळ्या एस.टी.च्या देखत, लहान पोरासारखा हमसून रडायला लागला. "दादा," म्हणत होता, "दादा, चुकलो रं."